झेडपीच्या शाळेला जाब विचारायचाय? मग सुरुवात इथनं करा

माझी थोरली चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वडूजच्या स्टँडवर उभे होतो, समोर गाडी लागली, तिला म्हटलं वाच गं पाटी, तर तिनं "सवारगेट" वाचलं. स्वारगेट नाही, सवारगेट. मग मी पुढच्या दोनतीन पाट्या वाचायला लावल्या आणि लक्षात आलं की पोरीला जोडाक्षरं येतच नाहीत, आणि हे मला चौथीच्या दिवाळीत कळतंय. सुट्टी संपली त्या दिवशी मी तडक शाळेत गेले आणि सगळ्या पोरांसमोर बाईंना वाट्टेल ते बोलले. त्या काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी दुसऱ्या एका पालकाकडनं कळलं की शाळेतलं दुसरं पद आठ महिने रिकामं होतं आणि त्या बाई एकट्या चारही वर्ग सांभाळत होत्या, वर मतदारयादीचं काम, वर खिचडीची नोंद, वर मोबाईलवरनं रोजची माहिती. आठ महिने गावातल्या एकाही माणसानं विचारलं नव्हतं की दुसरे गुरुजी कुठं गेले. मी पण नाही.

त्यानंतर मी चार वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होते, त्यातली दोन वर्षं अध्यक्ष. त्यात जे शिकले ते इथं लिहितेय, सातारा सांगली भागातल्या पालकांना डोळ्यासमोर ठेवून, कारण आपल्याकडं लोक एक तर गप्प बसतात नाहीतर एकदम झेडपीच्या सीईओंना निवेदन देऊन फोटो काढतात, मधलं काहीच करत नाहीत. आणि काम होतं ते मधल्यातच.

सगळ्यात आधी स्वतःच्या पोराला वाचायला लावा. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या, कुठलाही एक धडा उघडा, तिसरीच्या पुढच्या पोरानं तो न अडखळता वाचून त्यात काय आहे ते सांगायला पाहिजे. मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी घाला, जमली तर तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायला सांगा. 'असर' ही पोरांच्या शिकण्याची पाहणी करणारे लोक २००५ पासून गावोगाव घरात जाऊन साधारण अशाच पद्धतीनं तपासतात, त्याला काही खास शिक्षण लागत नाही, दहा मिनिटं लागतात. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' सुरू केलं त्याचंही म्हणणं हेच की तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. फक्त एक करा, चुकलं तर ओरडू नका आणि पाव्हण्यांसमोर परीक्षा घेऊ नका, पोरं घाबरून येणारं पण विसरतात. काय आलं काय नाही हे तारखेसकट वहीत लिहून ठेवा. ही वही पुढं लई कामाला येते.

वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा, शाळा सुटल्यावर, एकट्यांना. "माझ्या पोराला काहीच येत नाही" असं म्हणू नका, त्याला उत्तरच नसतं. "ती अजून जोडाक्षरात अडकते, तुमच्या नोंदीत ती कुठल्या स्तराला आहे आणि आपण दोघं मिळून काय करायचं" असं विचारा. शिक्षकांकडं पायाभूत चाचणी आणि संकलित चाचणीचे गुण असतात, ते मागून बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये वेळेवर शाळेत येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं आणि पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी नि प्रगती सांगणं ही शिक्षकाची कर्तव्यं म्हणून लिहिलेली आहेत, तेव्हा आपण काही उपकार मागत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावायचं नाही असंही आहे, ते किती पालकांना माहितीय? शिक्षक वर्गात नसेल तर आधी विचारा की त्यांना कुठं पाठवलंय आणि कुणी.

आता समिती. ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच आलीय, कलम २१. तीन चतुर्थांश सदस्य पालकच पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांमधलाच, हेडमास्तर सचिव, मुदत दोन वर्षं आणि महिन्यातनं किमान एक बैठक. सदस्य पालक सभेत निवडायचे असतात, सरपंचांच्या ओट्यावर यादी करून नाही. माझं नाव पहिल्यांदा घातलं तेव्हा मला विचारलं पण नव्हतं, महिला कोटा भरायचा होता. "वहिनी, इथं सही करा" म्हणून रजिस्टर घरी यायचं आणि बैठकीला आमचे हे जायचे. तीन महिने मी केल्या सह्या. चौथ्या वेळी म्हटलं आधी वाचून दाखवा कशावर सही करायचीय, तर न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त होतं ते! तायांनो, तुमचं नाव समितीत असेल तर बैठकीला तुम्हीच जा, नवऱ्याला पाठवू नका, आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या पानावर सही करू नका, मग समोर कोण का असंना.

पालक सभा जूनजुलैत होते. तिच्याआधी चारपाच घरं फिरून बोलून ठेवा, वस्तीवरचे, मजुरी करणारे पालक सभेला येतीलच असं नाही, त्यांच्यातलं कुणीतरी समितीत असायला पाहिजे. सभा सकाळी अकराला लावली तर शेतातली माणसं येणार नाहीत, संध्याकाळी लावायला सांगा. आमच्याकडं वेळ बदलली तेव्हा दुप्पट माणसं आली, दुसरं काही केलं नव्हतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर लोकांना वाटतं हे साहेबांचं काम. पण समितीच्या सदस्याला शाळेचं दप्तर बघता येतं आणि बघायलाच पाहिजे. मी कुठल्या क्रमानं बघते ते सांगते. पहिलं जनरल रजिस्टर आणि हजेरी, म्हणजे पटावर किती आणि रोज बसतात किती. जनरल रजिस्टरची किंमत काय असते हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको, राजवाड्याजवळच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, १९१४ नंबरला, ते रजिस्टर जपलं म्हणून आज आपण ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस करतो. आपल्या पोराचं नाव, जन्मतारीख, जात बरोबर लागलीय का ते पहिलीतच बघा, दहावीनंतर दुरुस्तीला किती हेलपाटे पडतात ते ज्याला पडलेत त्याला विचारा. दुसरं, शिक्षकांचं हालचाल रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वेळेत कोण कुठं गेलं. तिसरं शेरेबुक. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी भेटीला येतात तेव्हा शेरा लिहितात, आणि मागच्या वर्षीचा नि या वर्षीचा शेरा अक्षरशः सारखा असेल तर त्याचा अर्थ काहीच झालेलं नाही. ते पान दाखवून बैठकीत शांतपणे विचारायचं की यावर काय केलं.

चौथं पैसे. इथं जरा थांबूया कारण भांडणं इथंच होतात. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतनं शाळेला संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्याच्यावर १ लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. आमचा पट ४२, म्हणजे २५ हजार आणि त्यातले अडीच हजार संडास बाथरूमला. हे कागदावर. प्रत्यक्षात एका वर्षी आम्हाला अर्धेच मिळाले, ते पण मार्चच्या शेवटी, आणि चार दिवसांत खर्च करून पावत्या द्या म्हणून निरोप. तोपर्यंत लाईटबिल हेडमास्तरांनी खिशातनं भरलेलं. तेव्हा आधीच "पैसे खाल्ले" म्हणून ओरडू नका. कॅशबुक, पावत्या आणि बँकेचं नाहीतर पीएफएमएसचं, म्हणजे सरकारी पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या ऑनलाईन प्रणालीचं, प्रिंट शेजारी शेजारी ठेवा. आता बऱ्याचदा खात्यात रक्कम जमा दिसत नाही, खर्चाची मर्यादा येते, म्हणून नुसतं पासबुक बघून खातं रिकामं वाटतं आणि गैरसमज होतो. किती आले, कधी आले, कशाला गेले, वस्तू शाळेत आहे का, एवढे चार प्रश्न पुरतात. वस्तू मात्र डोळ्यानं बघायची, साठा रजिस्टरला नोंद आहे म्हणून ती कपाटात असेलच असं नाही. गणवेशाचे एका पोरामागं ६०० रुपये हिशोबात धरलेत, त्या कापडाची शिलाई नीट आहे का ते पण बघा.

खिचडीचा हिशोब तर कुठल्याही आईला येतो. पहिली ते पाचवीला एका पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. ४० पोरं हजर असतील तर ४ किलो. हजेरीपट आणि तांदळाचं साठा रजिस्टर एका कुठल्याही दिवसाचं जुळवून बघा, गुरुवारचा बाजार नाहीतर गावच्या यात्रेचा दिवस घ्या, त्या दिवशी पोरं कमी असतात आणि नोंद खरी का खोटी ते लगेच दिसतं. चव रजिस्टर असतं, त्यात पालकांनी पण चव घेऊन लिहायचं असतं. महिन्यातनं एकदा कुणीतरी आई जाऊन पोरांबरोबर जेवली तर निम्मे प्रश्न तिथंच सुटतात. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधन वेळेवर मिळतंय का तेवढं पण विचारा, त्यांची बाजू बैठकीत कुणी मांडत नाही.

घरबसल्या बघता येण्यासारखं एक म्हणजे यूडायस, सगळ्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. प्रत्येक शाळेला ११ आकडी नंबर असतो, सातारा जिल्ह्याचा २७३१ नं सुरू होतो, सांगलीचा २७३५ नं. यूडायस प्लसच्या साईटवर शाळेचा नंबर टाकला की पट, शिक्षक, वर्गखोल्या, संडास, पाणी सगळं दिसतं. ते प्रिंट घेऊन शाळेत फिरा. "मुलींचं स्वच्छतागृह, चालू" असं लिहिलंय आणि दाराला कुलूप आहे, असं दिसलं तर वरच्या ऑफिसला तुमची शाळा एकदम ठीकठाक दिसतेय, मग दुरुस्तीचा पैसा कुठनं येणार? माहिती दुरुस्त करायला लावणं ही पण मोठी लढाई आहे आणि ती समितीच्या एका ठरावानं जिंकता येते.

याचाच दुसरा भाग संच मान्यता. शाळेला किती शिक्षक मिळणार हे पटावर ठरतं आणि पट धरताना पोरांचं आधार जुळलेलं लागतं. नावात काना मात्रा चुकला, जन्मतारीख वेगळी, आधार जुळत नाही, पोरगं वर्गात बसलंय पण हिशोबात नाही, आणि अशी चार पोरं गळली की एक पद जातं. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पोरांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं आहे. त्यामुळं पट ६२ असलेल्या शाळेत चार आधार न जुळणं म्हणजे काय ते बघा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संच मान्यतेचे निकष बदललेत, पाटण जावळीकडच्या छोट्या शाळांना तर एकेक पोरगं महत्त्वाचं झालंय. जुलैऑगस्टमध्येच हेडमास्तरांकडनं आधार न जुळलेल्या पोरांची यादी घ्या आणि पालकांना गाडीत घालून आधार केंद्रावर न्या. आम्ही एका शनिवारी ९ पोरांचं काम केलं. जतकडच्या लोकांनी आणखी एक बघावं, तिथं कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तेव्हा नुसतं पद भरलंय का एवढं न बघता येणारा शिक्षक त्या माध्यमाचा आहे का ते विचारा.

पद रिकामं असेल तर तोंडी बोलून काही होत नाही. समितीत ठराव करा, त्याची नक्कल जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या. भाषा साधी ठेवा: "आमच्या शाळेत मंजूर पदे २, कार्यरत १, अमुक तारखेपासून १ पद रिक्त, पट ४२, चार वर्ग एकच शिक्षक घेत आहेत. पर्यायी शिक्षक कधी मिळेल ते लेखी कळवावे." बास. राजकारण, जुनी भांडणं, गुरुजींची जात गाव काही लिहू नका. आणि पोच घ्या! माझा पहिला अर्ज मी एका ऑफिसात टेबलावर ठेवून आले, "ठेवा ताई, बघतो" म्हणाले, दीड महिन्यानं गेले तर असा अर्जच आला नाही. तेव्हापासून दोन प्रती नेते, एकीवर शिक्का, सही आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठत नाही.

पायऱ्या अशा: हेडमास्तर, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक, मग सीईओ. त्याच्यावर कोल्हापूरचं विभागीय उपसंचालक ऑफिस, आपले दोन्ही जिल्हे त्यांच्याकडंच येतात. हायस्कूलचं असेल तर शिक्षणाधिकारी माध्यमिक, नगरपालिका महापालिकेची शाळा असेल तर तिथले प्रशासन अधिकारी. खाजगी अनुदानित शाळेतली समिती फक्त सल्ला देऊ शकते हे पण लक्षात ठेवा, झेडपी शाळेतल्या समितीइतका अधिकार तिला नसतो. कलम ३२ खाली लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे आपल्याकडं झेडपीनं, ३ महिन्यांत निकाल द्यायचा असतो, नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. अर्जात "कलम ३२ नुसार तक्रार" असं वरच लिहा. मारहाण किंवा त्याहून वाईट काही असेल तर मात्र या पायऱ्या चढत बसायचं नाही, थेट १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन आणि पोलिस.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. "शाळेत भ्रष्टाचार का होतो" असं विचारलं तर माहिती मिळत नसते, कागद मागा: संच मान्यतेची प्रत, कामगिरीवर, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडं, पाठवलेल्या शिक्षकाच्या आदेशाची प्रत, अमुक वर्षाच्या अनुदानाच्या खर्चाच्या पावत्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, आणि त्यानंही नाही झालं तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडं दुसरं अपील. आमच्या शाळेचे दुसरे गुरुजी कागदोपत्री आमच्याच शाळेत होते आणि कामगिरीवर दुसरीकडं, हे आम्हाला असल्या एका आदेशाच्या प्रतीवरनंच कळलं. ती प्रत लावून पुढचा अर्ज दिला आणि पाच आठवड्यांत ते परत हजर झाले. पण शेजारच्या शिक्षकाशी बांधाचं भांडण आहे म्हणून दर महिन्याला माहितीचे अर्ज टाकणारी माणसं मी बघितलीत, ते करू नका, त्यानं शाळेतली चांगली माणसं बदली मागून निघून जातात.

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. आपल्याकडं शाळा चांगली का वाईट हे स्कॉलरशिपच्या फ्लेक्सवर ठरवतात. गुणवत्ता यादीत चार पोरं आली की गावभर बोर्ड, आणि त्या चौघांसाठी जादा तास चालू असताना मागच्या बाकावरच्या सात पोरांना वाचता येत नाही ते कुणी विचारत नाही. जिल्ह्याचा नंबर कितवा आला याच्या बातम्यांचंही तेच. केंद्राचा पीजीआय, म्हणजे राज्यांचं शालेय शिक्षण मोजणारा निर्देशांक, ७३ निकषांवर राज्याला १००० पैकी गुण देतो, ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं 'परख' हे केंद्राचं पोरांना काय येतं ते तपासणारं सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांतल्या पोरांवर झालं. सरकारला धोरण ठरवायला ते लागतं, बरोबर आहे, पण तुमच्या शाळेतल्या त्या सात पोरांबद्दल त्यात एक ओळ पण नसते. ती ओळ समितीच्या इतिवृत्तात यायला पाहिजे. आम्ही दर बैठकीला पहिला विषय हाच ठेवायचो: कितीजणांना वाचता येत नाही, मागच्या महिन्यात किती होते. नावं नाही घ्यायची, फक्त आकडा. तो आकडा ११ वरनं ३ वर यायला दीड वर्ष लागलं.

हे होतं यावर विश्वास बसत नसेल तर सातारा तालुक्यातलंच कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडं असलेल्या शाळांचा गट, आठवा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे पोरं स्वतः करून शिकतात अशा, पद्धतीनं काम उभं केलं, फरशीवर आखलेली चौकटं, चिंचोके, खडे, काड्या घेऊन पोरं गटात बसून शिकतायत, ते बघायला राज्यभरातनं शिक्षक येऊन गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयामागं अशाच कामांची पुण्याई होती. चिंचोक्याला अनुदान लागत नाही. तुमच्या शिक्षकांना असली शाळा बघून यायची असेल तर समितीनं जायचा खर्च वर्गणीतनं करावा, फ्लेक्सपेक्षा स्वस्त पडतो.

ऊसतोडीचा हंगाम लागला की फडावर पोरं दिसतील, बाहेरनं आलेली, आणि जतआटपाडीकडनं जाणारी पण. त्यांना दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही, वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यावाच लागतो, कलम १४. समितीतल्या कुणीतरी नोव्हेंबरमध्ये एकदा फडावर चक्कर मारून किती पोरं आहेत ते हेडमास्तरांना लेखी द्या.

ग्रामसभेत पण शाळेचा विषय घ्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातल्या एकीला तरी, कारण भिंत, पाणी, संडास ही कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसवता येतात. आणि शाळा विकास आराखडा हा समितीनं करायचा असतो, कलम २२, तीन वर्षांचा, पुढच्या पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, खोल्या सगळं त्यात येतं. तो डिसेंबरपर्यंत तयार ठेवा, मार्चमध्ये घाईनं मागच्या वर्षीचाच उतरवून काढू नका.

शेवटचं, फाईल. सगळ्या अर्जांच्या पोच, ठरावांच्या नकला, यूडायसचं प्रिंट, वाचनाचे आकडे एका फाईलला लावा आणि मुदत संपली की नवीन अध्यक्षांच्या हातात द्या, सगळ्यांसमोर, इतिवृत्तात नोंद करून. मला मिळाली तेव्हा फाईलच नव्हती. मी दिली त्यात ६४ कागद होते, आणि नवीन अध्यक्ष झालेल्या काकूंनी पहिल्याच बैठकीत त्यातला स्वच्छतागृहाचा जुना अर्ज काढून विचारलं की याचं उत्तर अजून का आलं नाही.